नमुना एक, प्रयोगशाळाही एकच

म्हैसूरचा देवराज मोहल्ला बाहेरच्यांना ठाऊक असतो तो देवराज मार्केटमुळे. मोगऱ्याच्या माळा, कुंकवाचे रंगीत ढीग आणि नंजनगुडची केळी हे त्याचे नेहमीचे छायाचित्र. याच परिसरात, रेल्वे संग्रहालयासमोर, वाडियार घराण्यातील राजकन्येसाठी बांधलेला चेलुवांबा महाल उभा आहे. २१ ऑक्टोबर १९५० पासून तेथे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था काम करते. म्हशीच्या दुधापासून बालान्न तयार करण्याचे तंत्र याच संस्थेने विकसित केले. आजच्या विषयासाठी मात्र तिची दुसरी ओळख महत्त्वाची आहे. अन्न सुरक्षा कायद्याखालील ती एक संदर्भ प्रयोगशाळा आहे. अन्न निरीक्षकाने घेतलेल्या नमुन्यावरून वाद उद्भवला, तर अखेरचा शब्द देण्यासाठी तो नमुना अशा प्रयोगशाळेकडे जातो.

२००६ च्या या कायद्याने नमुन्याचे चार भाग करण्याची तरतूद केली आहे. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात आणि चौथा, व्यावसायिकाने मागणी केल्यास, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवला जातो. दोन अहवालांत तफावत आढळली तर निर्णय तिसऱ्या संस्थेचा. मिठाईच्या दुकानदाराला दिलेले हे संरक्षण आहे. पेढ्यातील भेसळीबाबत आपण जेवढी काळजी घेतो, तेवढी खेळाडूच्या मूत्रनमुन्याबाबत घेतो का, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. कारण जागतिक उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेच्या, म्हणजे 'वाडा'च्या, आकडेवारीत भारताचे नाव सलग तीन वर्षे नको त्या कारणाने अग्रस्थानी आहे. २०२२ मध्ये ३,८६५ नमुन्यांपैकी १२५, २०२३ मध्ये ५,६०६ पैकी २१३ आणि २०२४ मध्ये ७,११३ पैकी २६० नमुने सदोष निघाले. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांमध्ये हे प्रमाण सर्वाधिक आहे. यातील प्रत्येक नमुना म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. काहींच्या मागे वैद्यकीय परवानगीही असते. तरीही साडेतीन टक्क्यांहून अधिक हे प्रमाण शरमेने मान खाली घालावी असेच आहे.

या निष्कर्षांमागे जे विज्ञान आहे, त्याविषयी आपल्या सार्वजनिक चर्चेत जवळजवळ काहीच येत नाही. 'चाचणीत दोषी आढळला' एवढ्या तीन शब्दांत बातमी संपते. प्रत्यक्षात त्या तीन शब्दांआड रसायनशास्त्राची एक लांबलचक साखळी असते आणि तिच्यातील प्रत्येक कडीला स्वतःचे असे दुबळेपण असते.

प्रौढ पुरुषाचे शरीर दररोज काही मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार करते. त्यातला फारच थोडा अंश मूळ रूपात लघवीवाटे बाहेर पडतो. उरलेल्याचे यकृतात रूपांतर होते आणि त्याला ग्लुक्युरोनिक आम्लाची जोड मिळते. तेलकट स्वभावाचे स्टेरॉइड पाण्यात विरघळावे यासाठी शरीराने केलेली ही सोय आहे. प्रयोगशाळेला नेमके उलटे काम करावे लागते. जिवाणूपासून मिळवलेल्या विकराच्या साहाय्याने ती जोड तोडायची, सुटे झालेले स्टेरॉइड सेंद्रिय द्रावकात ओढून घ्यायचे, उष्णतेने सहज बाष्प व्हावे म्हणून त्याला सिलिकॉनयुक्त गट जोडायचे आणि मग ते यंत्रात सोडायचे. लघवी पातळ की दाट, हे खेळाडूने किती पाणी प्याले त्यावर ठरते. म्हणून विशिष्ट गुरुत्व मोजून आकडे एका पातळीवर आणावे लागतात. घटकांचे मोजमाप नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागात चालते. नॅन्ड्रोलोनच्या एका चयापचयजाची मर्यादा मिलिलिटरला दोन नॅनोग्रॅम इतकी आहे.

मास स्पेक्ट्रोमीटर हा रेणूंचा तराजू आहे, असे सोपे करून सांगितले जाते. ते अर्धेच खरे. टेस्टोस्टेरॉन आणि त्याचे आरशातल्यासारखे उलटे भावंड एपिटेस्टोस्टेरॉन यांचे वजन तंतोतंत सारखे आहे: २८८. दोघांतील फरक एवढाच, की एका ठिकाणचा हायड्रॉक्सिल गट एकात वर तर दुसऱ्यात खाली. निव्वळ वजन करणाऱ्या तराजूला हा भेद कळणारच नाही. म्हणून आधी गॅस क्रोमॅटोग्राफीची लांब, केसासारखी बारीक नळी लागते. तिच्यातून वेगवेगळी संयुगे वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. बाहेर पडलेल्या रेणूवर इलेक्ट्रॉनांचा मारा होतो, तो फुटतो आणि त्याचे तुकडे वजनानुसार मोजले जातात. कोणत्या मिनिटाला आला आणि कसा फुटला, या दोन्ही खुणा शुद्ध संदर्भ-नमुन्याशी जुळल्या तरच ओळख पटली असे मानायचे. संदर्भ-नमुना हाताशी नसेल, तर जगातले सर्वांत महागडे यंत्रही मुके राहते.

कृत्रिम स्टेरॉइडच्या बाबतीत काम तुलनेने सोपे आहे. स्टॅनोझोलॉल माणसाच्या शरीरात तयारच होत नाही; त्याचा अंश सापडला की प्रश्न मिटला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनचे सुवर्णपदक याच पदार्थामुळे गेले. खरी अडचण येते ती टेस्टोस्टेरॉन बाहेरून टोचून घेतले तर. शरीरात जे आहेच, तेच थोडे अधिक घेतले हे सिद्ध कसे करायचे? कलोनचे रसायनशास्त्रज्ञ मानफ्रेड डोनिके यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी उत्तर सुचवले ते गुणोत्तराचे. टेस्टोस्टेरॉन आणि एपिटेस्टोस्टेरॉन यांचे लघवीतील प्रमाण सर्वसाधारणपणे एकास एकच्या आसपास असते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले की पहिले वाढते, दुसरे वाढत नाही. सुरुवातीला सहास एक ही संशयाची रेषा ठरली. पुढे ती चारास एक अशी खाली आणण्यात आली.

पण माणसे एकाच साच्यातून निघत नाहीत. टेस्टोस्टेरॉनला ग्लुक्युरोनिक आम्लाची जोड देणारे विकर ज्या जनुकावर अवलंबून असते, ते जनुक काहींच्या शरीरात मुळातच नसते. स्वीडिश संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की त्यांनी तपासलेल्या कोरियन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत ते नव्हते, तर स्वीडिश पुरुषांत असे लोक दहांत एकाहून कमी होते. असा माणूस टेस्टोस्टेरॉन टोचून घेऊनही चारच्या खाली सहज राहू शकतो. दुसरीकडे, मद्यपानानेसुद्धा हे गुणोत्तर तात्पुरते वर जाऊ शकते. म्हणून २०१४ पासून प्रत्येक खेळाडूची तुलना त्याच्याच जुन्या नमुन्यांशी करणारा 'स्टेरॉइड पासपोर्ट' अमलात आला. लोकसंख्येच्या सरासरीने एखाद्या व्यक्तीला तोलण्याची सवय सोडण्याचा हा शहाणपणा क्रीडाविज्ञानाने दाखवला. धोरणकर्त्यांच्या अन्य खात्यांतही तो झिरपला असता तर बरे झाले असते.

पासपोर्टने संशय निर्माण होतो, निवाडा होत नाही. निवाड्यासाठी जी पद्धत वापरली जाते ती मराठी वाचकाला आपल्या ताटातून समजावून सांगता येते. निसर्गातील दर शंभर कार्बन अणूंपैकी सुमारे एक अणू किंचित जड असतो. वनस्पती हवेतला कार्बन शोषताना या जड अणूबाबत दुजाभाव करतात, पण सगळ्या सारखाच करत नाहीत. भात, गहू, हरभरा, सोयाबीन यांची प्रकाशसंश्लेषणाची रीत वेगळी. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांची वेगळी. दुसऱ्या गटातील पिकांत जड कार्बनचा वाटा अधिक राहतो. माणूस जे खातो त्यातूनच त्याचा देह आणि देहातली संप्रेरके घडतात. म्हणजे सोलापूरच्या ज्वारीच्या भाकरीवर आणि गुळावर वाढलेल्या मल्लाच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये कोकणातील भात-आमटीवर वाढलेल्या खेळाडूपेक्षा जड कार्बन थोडा जास्त असणार. औषधी टेस्टोस्टेरॉन मात्र प्रामुख्याने सोयाबीनसारख्या वनस्पतींतील स्टेरॉलपासून बनवतात आणि त्यावर पहिल्या गटाची मोहोर असते. लघवीतील टेस्टोस्टेरॉन आणि त्याच शरीरातले, डोपिंगमुळे न बदलणारे दुसरे एखादे स्टेरॉइड यांच्या कार्बनची तुलना केली की आहाराचा परिणाम वजा होतो. दोहोंतील अंतर हजारी तीनच्या आसपास किंवा त्याहून अधिक निघाले, तर ते टेस्टोस्टेरॉन त्या शरीराचे नव्हे. भाकरी खाणाऱ्याच्या बाबतीत हे अंतर ठळक दिसेल. भात-गव्हावर जगणाऱ्याच्या बाबतीत ते मुळातच कमी असल्याने मापनात अधिक काटेकोरपणा लागेल.

या तंत्राला समस्थानिक गुणोत्तर मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणतात आणि आपल्या देशाची अब्रू गेली ती नेमकी येथेच. दिल्लीतील राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य चाचणी प्रयोगशाळेचे बीज १९९० मध्ये जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये रोवले गेले. २००८ मध्ये तिला 'वाडा'ची मान्यता मिळाली. २० ऑगस्ट २०१९ रोजी 'वाडा'ने ती मान्यता सहा महिन्यांसाठी स्थगित केली. प्रत्यक्ष पाहणीत ज्या त्रुटी आढळल्या, त्यांत या समस्थानिक पद्धतीतील त्रुटींचा नावानिशी उल्लेख होता. सहा महिन्यांची स्थगिती लांबत गेली. मान्यता परत मिळाली ती २०२१ च्या डिसेंबरात. मधल्या काळात टोकियो ऑलिंपिक होऊन गेले आणि भारतीय खेळाडूंची लघवी विमानाने दोहासारख्या परदेशी प्रयोगशाळांकडे जात राहिली. वाहतुकीचा खर्च वाढला की नमुन्यांची संख्या आवरती घ्यावी लागते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. या अडीच वर्षांबद्दल संसदेत वा वृत्तपत्रांत जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. क्रिकेट मंडळाचे खेळाडू 'नाडा'च्या कक्षेत येणार की नाही, या त्याच महिन्यातील वादाने सारी जागा व्यापली होती.

प्रयोगशाळेच्या अचूकतेवर किती काही टांगलेले असते, याची दोन उदाहरणे आपल्याजवळचीच आहेत. पहिले कर्नाटकातले. उडुपी जिल्ह्यातील अश्विनी अक्कुंजी हिने २०१० मध्ये ग्वांगझू आशियाई स्पर्धेत चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्ण जिंकले. दिल्ली राष्ट्रकुल आणि ग्वांगझू या दोन्ही ठिकाणी रिले चमूतही ती होती. २०११ च्या उन्हाळ्यानंतर तिच्यासह अनेक धावपटूंच्या नमुन्यांत मेथँडिएनोन किंवा स्टॅनोझोलॉल सापडले. युक्रेनचे प्रशिक्षक युरी ओगोरोदनिक यांची हकालपट्टी झाली. प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांतून ते शरीरात गेले, असे खेळाडूंचे म्हणणे होते. देशांतर्गत समितीने एक वर्षाची बंदी घातली. जुलै २०१२ मध्ये क्रीडा लवादाने ती दोन वर्षे केली.

दुसरे उदाहरण मुंबईत घडलेल्या मल्लाचे. नरसिंग यादव याने २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा उचलली आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवून रिओ ऑलिंपिकसाठी ७४ किलो गटात देशाला जागा मिळवून दिली. २५ जून २०१६ च्या नमुन्यात आणि पुन्हा ५ जुलैच्या नमुन्यात मेथँडिएनोनचे चयापचयज आढळले. आपल्या अन्नपाण्यात कोणीतरी ते मिसळले, असा त्याचा दावा होता. 'नाडा'च्या शिस्तपालन समितीने १ ऑगस्टला तो मान्य केला. 'वाडा' लवादाकडे गेली आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, चार वर्षांच्या बंदीचा निर्णय आला. कटाचा दावा पुराव्याने सिद्ध झाला नाही, हे पदार्थ एकाहून अधिक वेळा गोळीच्या रूपात हेतुपुरस्सर घेतले गेल्याची शक्यता अधिक, असे लवादाने म्हटले. या निष्कर्षात नमुन्यातील चयापचयजांच्या प्रमाणावरील तज्ज्ञांच्या साक्षीचा वाटा मोठा होता. पेल्यात भुकटी टाकली की गोळी गिळली, याचा निवाडा मास स्पेक्ट्रोमीटरच्या आलेखावरील शिखरांच्या उंचीवरून झाला. लवादाचा निर्णय कोणाला पटो वा न पटो, ज्या आलेखावर माणसाची चार वर्षे उभी राहतात तो आलेख वाचू शकणारे स्वतंत्र तज्ज्ञ आपल्याकडे खेळाडूच्या बाजूने किती उभे राहू शकतात, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

मेथँडिएनोन पकडले जाण्याचा काळही लांबत गेला आहे. २००६ मध्ये कलोनच्या संशोधकांनी त्याचा एक दीर्घकाळ टिकणारा चयापचयज शोधला; गोळी घेतल्यावर १९ दिवसांपर्यंत तो लघवीत ओळखता येतो. मात्र त्यासाठी त्याचा संदर्भ-नमुना लागतो आणि तो जगात सहज विकत मिळत नाही. गुवाहाटीच्या राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्थेने दिल्लीच्या प्रयोगशाळेसाठी तो देशातच तयार केला, ही पदकाइतकीच मोलाची गोष्ट आहे. तिचे स्वागत कोणत्या विमानतळावर झाले नाही, एवढेच.

आता पुन्हा चार भागांच्या नमुन्याकडे वळू. खेळाडूच्या नमुन्याचे भाग दोनच: 'ए' आणि 'बी'. 'ए' सदोष निघाला तर खेळाडू 'बी' उघडण्याची मागणी करू शकतो, त्या वेळी हजर राहू शकतो, आपला तज्ज्ञ पाठवू शकतो. पण 'बी' नमुना सर्वसाधारणपणे त्याच प्रयोगशाळेत तपासला जातो. बाटली बदलण्याची, नमुन्यांची अदलाबदल होण्याची शंका यातून दूर होते. पद्धतीतच दोष असेल तर तो दोन्ही वेळा तसाच उमटतो. यामागे 'वाडा'चा युक्तिवाद आहे आणि तो पोकळ नाही: सर्व मान्यताप्राप्त प्रयोगशाळा एकाच मानकाने बांधलेल्या असतात, त्यांना ओळख लपवलेले परीक्षा-नमुने पाठवले जातात, चुकल्यास मान्यता जाते. २०१९ मध्ये तसेच झाले. परंतु मान्यता जाते ती चूक पकडल्यानंतर. तोपर्यंत निघालेल्या अहवालांचे काय, याचे उत्तर पेढेवाल्याला कायद्यात सापडते. धावपटूला ते स्वित्झर्लंडमधील लवादाच्या दारात, वकिलाची फी भरून शोधावे लागते.

२०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकद्रव्य प्रतिबंध कायद्याने दिल्लीच्या प्रयोगशाळेला प्रमुख प्रयोगशाळेचा दर्जा दिला आणि केंद्र सरकारला आणखी प्रयोगशाळा स्थापन करण्याचा अधिकारही दिला. जगभरात 'वाडा'च्या मान्यतेच्या प्रयोगशाळा सुमारे तीसच आहेत, हे खरे. तेव्हा प्रत्येक राज्यात एक अशी मागणी करणे भाबडेपणाचे ठरेल. पण चाचण्या तीन वर्षांत जवळपास दुप्पट झालेल्या देशात एकमेव प्रयोगशाळा बंद पडली तर पर्याय नाही, ही स्थिती किती काळ चालवायची? २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली ती 'नाडा'च्या स्वायत्ततेबाबत 'वाडा'ने घेतलेल्या हरकती दूर करण्यासाठी. दुसऱ्या प्रयोगशाळेचा विषय त्या चर्चेच्या केंद्रस्थानी नव्हता.

याहून मोठी फट आहे ती तोंडाकडच्या बाजूला. शरीरातून काय बाहेर पडते ते मोजण्यावर आपण भर देतो. शरीरात काय जाते याकडे दुर्लक्ष करतो. कलोनच्या प्रयोगशाळेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेरा देशांतून घेतलेल्या ६३४ पूरक आहारांची तपासणी केली होती. वेष्टनावर संप्रेरकाचा उल्लेख नसलेल्या या डब्यांपैकी ९४ डब्यांत, म्हणजे जवळजवळ पंधरा टक्क्यांत, अॅनाबॉलिक स्टेरॉइड निघाले. आज तालुक्याच्या गावातील व्यायामशाळेतही प्रथिनांच्या भुकटीचे डबे रांगेने मांडलेले दिसतात. विकत घेणारा पोलीस भरतीच्या तयारीतला किंवा जत्रेच्या फडात उतरणारा मुलगा असतो. नियम एकच: शरीरात सापडले तर जबाबदार खेळाडू. डबा बनवणारा त्या सुनावणीत कुठेच नसतो.

२०२२ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरण आणि राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ यांच्यात खेळाडूंच्या पूरक आहारांच्या तपासणीबाबत करार झाला. दिशा योग्य आहे. पण ज्या मास स्पेक्ट्रोमीटरने दिल्लीत लघवी तपासली जाते, त्याच जातीची यंत्रे म्हैसूरसारख्या अन्न प्रयोगशाळांतही कीटकनाशकांचे अंश शोधण्यासाठी वापरली जातात. डब्यातील स्टेरॉइड शोधणे हे लघवीतील स्टेरॉइड शोधण्यापेक्षा सोपे काम आहे. जोड तोडावी लागत नाही, चयापचयजांचा माग काढावा लागत नाही. अन्न निरीक्षकाने दुकानातून डबा उचलावा, चार भाग करावेत, स्टेरॉइड सापडले तर उत्पादकावर खटला भरावा आणि त्याची नोंद 'नाडा'च्या सुनावणीत खेळाडूला वापरता यावी, एवढी साखळी जोडायला नवा कायदा लागत नाही. आरोग्य मंत्रालय आणि क्रीडा मंत्रालय यांच्यामधला पत्रव्यवहार लागतो. अर्थात, आपल्या व्यवस्थेत नवा कायदा करणे पुष्कळदा त्या पत्रव्यवहारापेक्षा सोपे असते.

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले आहे आणि २०३६ च्या ऑलिंपिकची आकांक्षाही जाहीर झाली आहे. उत्तेजकांचे नमुने आता दहा वर्षांपर्यंत गोठवून ठेवता येतात. मॉस्कोच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१२ मध्ये ट्युरिनाबॉलचे दीर्घकालीन चयापचयज शोधले. रशियाच्या डोपिंग कारस्थानात त्याच प्रयोगशाळेचा हात असल्याचे पुढे उघड झाले, हा भाग वेगळा. त्या शोधाचाही उपयोग करून बीजिंग आणि लंडन ऑलिंपिकचे जुने नमुने पुन्हा तपासले गेले तेव्हा शंभराहून अधिक खेळाडू नव्याने सापडले. अहमदाबादेत २०३० मध्ये भरलेली बाटली २०४० मध्येही उघडली जाऊ शकते. ती उघडणारे यंत्र आजच्यापेक्षा निश्चितच तीक्ष्ण असेल, आणि 'बी' नमुन्याची बाटली तेव्हाही बहुधा त्याच टेबलावर ठेवलेली असेल.